दोन ऋषभांमधले आठ मिलिमीटर

अब्दुल करीम खाँसाहेबांची ‘जमुना के तीर’ ही भैरवीतली ठुमरी चुकीच्या गतीवर लावली, तरी ती बेसूर होत नाही. थाळी थोडी जास्त वेगाने फिरली तर आवाज पातळ होतो, लय घाईला येते, सव्वातीन मिनिटांचे गाणे तीन मिनिटांत आटोपते. पण षड्जापासून कोमल ऋषभ जितका दूर होता तितकाच दूर राहतो. सगळे स्वर एकाच प्रमाणात वर सरकतात आणि त्यांचे आपसातले नाते जसेच्या तसे उरते. ही भौतिकशास्त्रातली साधी गोष्ट आहे, पण खाँसाहेबांच्या गाण्याबाबत ती साधी राहत नाही. कारण त्यांचे सारे गाणेच त्या नात्यावर उभे आहे. मला हे नीट उमगले ते डीजेंसाठी बनवलेल्या टर्नटेबलवरच्या पिच स्लायडरमुळे, म्हणून त्याच्या सोबतीनेच या भैरवीचे रसग्रहण करतो.

आपल्याकडे, सातारा-सांगलीच्या पट्ट्यात, डीजे म्हटले की मिरवणुकीतली स्पीकरची भिंत डोळ्यांसमोर येते. तिथे आता तबकड्या नसतात, लॅपटॉप आणि कंट्रोलर असतो. पण त्या कंट्रोलरवरही उजव्या बाजूला एक सरकती कळ असतेच, आणि तिचे मूळ टर्नटेबलवर आहे. जपानच्या मात्सुशिता कंपनीने टेक्निक्स या नावाखाली एसएल-१२०० हे यंत्र १९७२ मध्ये काढले आणि १९७९ मध्ये त्याची एमके२ ही आवृत्ती आणली. याच आवृत्तीत तो लांब स्लायडर आला. स्वतःकडे ओढला की गती वाढते, पलीकडे ढकलला की कमी होते. मध्यावर शून्य, तिथे कळ खट्‌कन बसते आणि थाळी क्वार्ट्झ स्फटिकाच्या ठोक्याशी बांधली जाते. दोन्ही टोकांना आठ-आठ टक्के. एका तबकडीची लय दुसरीच्या लयीशी जुळवून दोन्ही गाणी अखंड जोडावीत, एवढ्यासाठी ही सोय. लयीबरोबर स्वरही चढतो-उतरतो, हे डीजेच्या दृष्टीने ओढवून घेतलेले संकट होते. पुढे संगणकाने लय आणि स्वर वेगळे केले, आणि बहुतेकांना ते बरे वाटले. मला मात्र ते बांधलेलेच हवे आहेत. तबकडीत कोरलेल्या गाण्यात ते बांधलेलेच असतात.

आता रेंजचा मुद्दा. आठ टक्के अपुरे वाटू लागले तेव्हा टेक्निक्सने २००२ च्या एम५जी या मॉडेलवर सोळा टक्क्यांचे बटण दिले. पायोनियरच्या २०१४ मधल्या पीएलएक्स-१००० वर तर आठ, सोळा आणि पन्नास अशा तीन रेंज आहेत. नव्याने यंत्र घेणारा साहजिकच सर्वांत मोठ्या आकड्याकडे बघतो. पण कळीची लांबी तीच राहते. ती दहा सेंटिमीटर धरली, तर आठच्या रेंजमध्ये एक मिलिमीटर सरकवल्यावर गती ०.१६ टक्क्याने बदलते, सोळाच्या रेंजमध्ये ०.३२ टक्क्याने आणि पन्नासच्या रेंजमध्ये सरळ एक टक्क्याने. पल्ला वाढला की बोटाखालचा बारकावा गेला. स्वराच्या कामासाठी लहान रेंज श्रेष्ठ, हे माझे ठाम मत आहे, आणि ते का हे सांगण्यासाठी शंभरेक वर्षे मागे, सांगली आणि साताऱ्यात जावे लागेल.

कृष्णाजी बल्लाळ देवल हे सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. भारतीय संगीतातल्या बावीस श्रुती नेमक्या कुठे आहेत, हे मोजून दाखवण्याचा त्यांनी ध्यास घेतला आणि १९१० मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. मोजायला तार होती, लांबीची प्रमाणे होती. पण तारेवर कुठला स्वर खरा मानायचा हे ठरवायला गळा हवा होता. तो गळा अब्दुल करीम खाँसाहेबांचा. खाँसाहेब गात, आणि देवल त्या स्वराशी तार जुळवून तिची लांबी मोजत. या कामात त्यांना साथी मिळाले ते अर्नेस्ट क्लेमंट्स, भारतीय सनदी सेवेतले न्यायाधीश. दोघांनी १९११ मध्ये साताऱ्यात फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था काढली. क्लेमंट्स यांचे भारतीय संगीतावरचे पुस्तक १९१३ चे. श्रुती वाजवता येईल अशी खास पेटी त्यांनी लंडनहून बनवून घेतली आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली. तिथे वाद पेटला. पंडित भातखंडे यांना हे गणित मान्य नव्हते. तो वाद आजही पुरता मिटलेला नाही.

जिल्ह्याच्या गावातले एक निवृत्त अधिकारी, एक इंग्रज न्यायाधीश आणि कैरान्याहून निघून मिरजेत स्थिरावलेले एक गवई हे तिघे एका तारेभोवती बसतात, ही आपल्या भागाच्या सांस्कृतिक इतिहासातली फार मोठी घटना आहे. तिची आठवण फारशी कोणी काढत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

देवलांचे गणित अपूर्णांकांचे आहे. षड्ज एक धरला तर पंचम त्याच्या दीडपट, शुद्ध मध्यम चार तृतीयांश पट, शुद्ध ऋषभ नऊ अष्टमांश पट. हेच आकडे टक्क्यांत मांडले की ते थेट स्लायडरवर येऊन बसतात. षड्जाची गती साडेबारा टक्क्यांनी वाढवली की तो शुद्ध ऋषभाच्या जागी पोचतो. म्हणजे आठच्या रेंजमध्ये शुद्ध ऋषभ मिळणार नाही, सोळाच्या रेंजमध्ये मिळेल. पन्नासच्या रेंजमध्ये कळ पार टोकापर्यंत ओढली की षड्ज नेमका पंचमावर जातो. पार पलीकडे ढकलली की गती निम्मी होते आणि षड्ज खालच्या सप्तकातल्या षड्जावर उतरतो. ज्यांनी हे यंत्र घडवले त्यांच्या मनात षड्ज-पंचम खासच नसणार. पण गती आणि कंपनसंख्या एकाच दोरीने बांधलेल्या असल्यामुळे गणित आपोआप जुळते.

याहून नवलाची गोष्ट साध्या बटणात आहे. तेहतीस आणि एक तृतीयांश फेऱ्यांची तबकडी पंचेचाळिसाच्या बटणावर लावून पाहा. षड्ज मध्यमाच्या जरासा वर जातो. किती वर? पंचेचाळीस भागिले तेहतीस आणि एक तृतीयांश म्हणजे सत्तावीस विसांश. शुद्ध मध्यमाचे चार तृतीयांश. या दोहोंमधला फरक ऐंशीला एक्याऐंशी, म्हणजे श्रुतिपंडित जिला प्रमाणश्रुती म्हणतात नेमकी तीच. सव्वा टक्क्याचे अंतर. दोन बटणांच्या मध्ये एक आख्खी श्रुती लपून बसली आहे, आणि ती ऐकायला कसलेच खास उपकरण लागत नाही.

भैरवीत मला जास्त ओढ आहे ती कोमल ऋषभाची. श्रुतींच्या हिशेबात कोमल ऋषभाच्या दोन जागा आहेत. एक षड्जाच्या सोळा पंधरांश पट, म्हणजे ६.६७ टक्के वर. दुसरी त्याहून उतरलेली, २५६ भागिले २४३, म्हणजे ५.३५ टक्के वर. पेटीवरचा कोमल ऋषभ या दोहोंच्या मध्ये, ५.९५ टक्क्यांवर, कारण पेटीत सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात. टेक्निक्सच्या थाळीच्या कडेला ठिपक्यांच्या चार रांगा असतात. लाल दिव्याच्या उजेडात मोठ्या ठिपक्यांची रांग स्थिर दिसली की गती शून्यावर आहे, सर्वांत वरची रांग स्थिर दिसली की सहा टक्के जास्त. त्या वरच्या रांगेत पेटीचा कोमल ऋषभ जवळपास अचूक सापडतो. खाँसाहेबांचा ऋषभ मात्र त्या रांगेत शोधून सापडायचा नाही. दोन ऋषभांमध्ये अंतर आहे १.३२ टक्क्यांचे. आठच्या रेंजमध्ये ते स्लायडरवर आठ मिलिमीटर भरते. पन्नासच्या रेंजमध्ये जेमतेम सव्वा-दीड मिलिमीटर, म्हणजे बोट टेकवेपर्यंत ऋषभ बदलून गेलेला. देवल-क्लेमंट्स ज्यासाठी बडोद्यात भांडले ते सारे या आठ मिलिमीटरांत आहे.

हे प्रत्यक्ष ऐकायचे कसे? मूळ लाखेच्या तबकडीवर असा प्रयोग करू नये, सुईखाली ती झिजते. एचएमव्हीने पुढे जुनी ध्वनिमुद्रणे लाँगप्लेवर काढली; तसली प्रत घ्यावी. थाळी शून्यावर ठेवून रेकॉर्डमधल्या षड्जाशी तानपुरा लावून घ्यावा. मग खाँसाहेब ऋषभावर थांबतात ती जागा हेरावी आणि गती हळूहळू कमी करत तो ऋषभ तानपुऱ्याच्या षड्जात विरघळेपर्यंत खाली आणावा. सोळा पंधरांशाचा ऋषभ असेल तर कळ उणे ६.२५ वर पोचलेली असेल. उतरलेला असेल तर उणे पाचाच्या जरा पुढे. देवल तारेची लांबी मोजत होते, आपण थाळीची गती मोजतो, रीत तीच. कोमल गंधारासाठी हाच खटाटोप केला तर सोळाची रेंज लागते, आणि गंमत अशी की एक गंधार उणे १५.६ वर त्या रेंजच्या आत पडतो, दुसरा उणे १६.७ वर तिच्या किंचित बाहेर.

पण या प्रयोगात जे हाताला लागते ते आकड्याहून वेगळे आहे. खाँसाहेबांचा ऋषभ एका मिलिमीटरवर बसून राहत नाही. तो षड्जातून निघतो, जागेवर येतो, श्वासभर टेकतो आणि पुन्हा षड्जाकडे कलतो. कळ कुठेही ठेवली तरी त्या स्वराचा एखादा क्षण तानपुऱ्यात मिळतो आणि बाकीचा त्याच्या अवतीभवती वाहत राहतो. नझीर जैराजभॉय आणि स्टोन यांनी १९६३ मध्ये यंत्राने मोजमाप करून दाखवले की कलावंतांचे स्वर एकाच अपूर्णांकाला चिकटून नसतात, एकाच कलावंताचा तोच स्वर प्रसंगानुसार हलतो. म्हणजे देवलांचा बावीस जागांचा नकाशा जसाच्या तसा टिकला नाही. पण त्यांच्या तारेने खाँसाहेबांच्या गळ्यातून जे ऐकले ते खोटे ठरत नाही. ज्या जागांभोवती स्वर हलतो त्या जागा आहेतच, आणि त्यांच्याभोवती इतक्या जाणीवपूर्वक हलणारा दुसरा आवाज मला माहीत नाही.

आता प्रत्यक्ष ठुमरी. खाँसाहेबांचा जन्म १८७२ चा. ओडियनच्या तबकड्यांसाठी ते गायले तेव्हा १९३० चे दशक निम्मे सरले होते आणि ते साठी ओलांडलेले होते. आवाज उंच पट्टीतला, बारीक. मर्दानी भरदारपणा शोधणाऱ्याला तो पहिल्यांदा ऐकताना रुचत नाही. शब्द थोडे: यमुनेचा काठ आणि कृष्णाला शोधत फिरणारी विरहिणी. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटे मावतात, तेव्हा बहुतेक गवई तेवढ्यात तानांचा खजिना रिकामा करायला धावत. खाँसाहेब त्याच वेळेत थांबायला जागा काढतात. एका अक्षराचा आकार लांबवत ते स्वर लावतात आणि तो पुरता लागेपर्यंत पुढे जात नाहीत. वेळ कमी आहे याचा ताण गाण्यात कुठेच उमटत नाही.

तार षड्जाकडे जाताना ते काय करतात ते लक्ष देऊन ऐकण्यासारखे आहे. वरचा षड्ज हे बहुतेकांच्या गाण्यात जिंकलेले शिखर असते. आवाज फुगतो, दाद मागतो. खाँसाहेब तिथे पोचताना आवाज हलका करतात. कोमल निषादावरून जाणारा तो स्वर षड्जाला खालून स्पर्श करतो आणि स्थिर होतो, तेव्हा कानाला जोर जाणवत नाही, फक्त जागा जाणवते. ठुमरीतल्या बाईचा शोध इथे संपलेला नाही, तिने फक्त एकदा मान वर करून पाहिले आहे, असे मला प्रत्येक वेळी वाटते. मग उतरताना धैवत, पंचम, मध्यम असे स्वर वेगवेगळे ऐकू येत नाहीत. एक मींड सगळ्यांना घेऊन खाली येते, आणि तरीही त्यातला प्रत्येक स्वर आपल्या मुक्कामावरून गेलेला असतो. खाँसाहेबांच्या किराणा घराण्याची सुरेल म्हणून जी ख्याती आहे तिचा अर्थ इथे कळतो. सुरेलपणा हा थांबलेल्या स्वराचा गुण आहे असे आपण धरून चालतो. खाँसाहेबांचा सुरेलपणा चालत्या स्वरात आहे.

या भैरवीत करुणा आहे हे सगळेच सांगतात. ती कुठून येते हे मात्र कमी लोक सांगतात. माझ्या मते ती ऋषभाच्या उतरलेपणातून येते. षड्जाच्या इतक्या जवळ येऊन त्यात न मिळणारा स्वर हा ओढीचा स्वर आहे. पेटीच्या ऋषभावर हीच जागा वाजवून पाहावी. राग ओळखू येतो, ओढ उणावते. जेमतेम चार मिलिमीटरांचा फरक, पण विरह त्यात मावतो.

स्लायडर हलवून आणखी एक गोष्ट ऐकता येते. गती आठ टक्क्यांनी वाढवली की खाँसाहेबांचा आवाज बाईच्या आवाजाकडे सरकतो, पण त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर ऐकू येत नाहीत. आठ टक्क्यांनी उतरवला की तो भारी होतो, पण भीमसेन जोशी होत नाही, जरी हीच भैरवी भीमसेनांनी पुढे असंख्य मैफलींत गायली. गतीबरोबर गळ्याचा आकारच जणू लहान-मोठा होतो, त्यामुळे ‘आ’ हा स्वर बिघडतो: जास्त गतीला तो चिमटलेला, कमी गतीला तोंडात गोळी धरल्यासारखा. माणसाच्या तोंडाची पोकळी दोन्ही टोकांना खोटी वाटू लागते. जुन्या तबकडीची खरी गती कोणती, हे ठरवायला यापेक्षा चांगला साक्षीदार नाही. गवयाची पट्टी आपल्याला माहीत नसते, पण माणसाचा आकार माहीत असतो. आकार माणसाचा वाटू लागला की गती खरी समजावी.

हा प्रश्न कल्पनेतला नाही. अठ्ठ्याहत्तर फेऱ्या हे नाव सरसकट रूढ झाले ते विजेची मोटर आल्यानंतर. पन्नास हर्ट्‌झच्या विजेवर, म्हणजे आपल्याकडे, सत्त्याहत्तर रेघांची स्ट्रोब चकती ७७.९२ फेऱ्यांना स्थिर दिसते. साठ हर्ट्‌झच्या देशांत ब्याण्णव रेघांची चकती ७८.२६ ला. त्याआधी, कर्ण्यात तोंड घालून गाण्याच्या काळात, मेणाची थाळी कधी बहात्तर, कधी सत्तर, कधी ऐंशी फेऱ्यांनीही फिरत असे. खाँसाहेबांच्या १९०४-०५ च्या सुमारास निघालेल्या पहिल्या तबकड्या त्या काळातल्या आहेत. बहात्तर फेऱ्यांची तबकडी अठ्ठ्याहत्तराच्या बटणावर लावली तर गती सुमारे ७.७ टक्के कमी करावी लागते. आठच्या रेंजमध्ये ती कशीबशी बसते. सत्तरची असेल तर दहा टक्क्यांहून अधिक, मग सोळाचे बटण दाबल्यावाचून गत्यंतर नाही. मोठ्या रेंजचा मी मानतो तो खरा उपयोग हा. आधी सोळावर जाऊन तबकडी माणसात आणावी, आणि जमले तर उरलेली जुळणी आठवर येऊन करावी.

जुन्या चावीच्या फोनोवरही गती कमी-जास्त करायची एक छोटी दांडी असे, आत फिरत्या वजनांचा गव्हर्नर असे. घरोघरी ती दांडी ज्याच्या त्याच्या कानाप्रमाणे फिरवली गेली. कितीतरी लोकांच्या मनातले खाँसाहेब त्या दांडीने घडवलेले आहेत. सातारा-सांगलीकडच्या भजनी मंडळांत रेकॉर्डवरून चाल उचलणाऱ्यांना तर ही अडचण कायमची होती: पेटी काळी एकमध्ये, रेकॉर्ड काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्येच कुठेतरी. अशा वेळी कळ तीन टक्क्यांच्या आत हलवली की कुठलीही तबकडी जवळच्या पट्टीवर येते. तेवढ्याला लहान रेंज पुरून उरते.

मिरजेत तानपुरा लावताना पाहिला की हे सगळे किती जुने आहे ते कळते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथले शिकलगार शस्त्रांचे काम सोडून तंतुवाद्यांकडे वळले, आणि त्यांच्यातल्या फरीदसाहेबांपासून ती परंपरा आजवर चालत आली. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तानपुऱ्याला वर खुंट्या असतात आणि खाली, घोडीच्या पलीकडे, प्रत्येक तारेत ओवलेला मणी. खुंटीने स्वर ढोबळ जागेवर आणायचा, मग मणी केसभर खाली-वर सरकवून तो नेमका बसवायचा. खुंटीने मण्याचे काम करायला गेलात तर स्वर सतत पुढे-मागे उडत राहतो. मग घोडी आणि तार यांच्या मध्ये सुताचा धागा सरकवून जवारी उघडायची. धागा योग्य जागी आला की तार एकटी बोलत नाही, तिच्यातून वरचे स्वर झरू लागतात. मोठी रेंज म्हणजे खुंटी आणि लहान रेंज म्हणजे मणी. स्वतः वाद्यांची डागडुजी करण्यात निष्णात असलेल्या आणि तानपुरा लावण्यात हयगय न खपवणाऱ्या खाँसाहेबांना हा भेद समजावून सांगावा लागला नसता.

उणे पन्नासच्या रेंजबद्दलही एक शब्द. निम्म्या गतीवर गाणे दुप्पट लांबते आणि स्वर एक सप्तक खाली जातात. ज्या मुरकीत कान चकतो ती उलगडून समोर येते: कुठला स्वर खरोखर लागला, कुठला नुसता सुचवला. विद्यार्थ्याला हा खजिना आहे. रसिकाने तिथे रेंगाळू नये. मुरकीचा अर्थ तिच्या चपळपणात आहे, आणि चिरून पाहिलेली मुरकी ही मुरकी उरत नाही.

खाँसाहेब १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना वाटेतल्या सिंगपेरुमलकोइल स्टेशनात वारले. त्यांना मिरजेला आणले गेले आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. दर वर्षी उरुसात तिथे गवई गाऊन हजेरी लावतात. त्या आवारात बसून गाणे ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांच्या माळ्यावर आजोबांच्या तबकड्या आहेत. त्यांना माझी विनंती आहे. त्या फेकू नका आणि लाँगप्लेच्या सुईने वाजवूही नका; अठ्ठ्याहत्तरच्या खाचेला सुमारे तीन हजारांश इंचाची जाड सुई लागते, लाँगप्लेची सुई त्याच्या चौथ्या हिश्शाची असते आणि तळाशी नुसती घासत राहते. अठ्ठ्याहत्तरचे बटण असलेले यंत्र मिळवा. पंचेचाळिसावर पन्नास टक्के चढवूनही साडेसदुसष्ट फेऱ्याच होतात, तो मार्ग नाही. स्ट्रोब चकती चोकच्या जुन्या ट्यूबलाइटखाली तपासा, बहुतेक एलईडी दिव्यांखाली रेघा स्थिर दिसत नाहीत. आणि ध्वनिमुद्रण संगणकावर उतरवून घ्याल तेव्हा फाइलच्या नावातच लिहून ठेवा: किती फेऱ्यांवर वाजवले, कळ किती टक्क्यांवर होती. नंतर येणाऱ्याला तुमचा निर्णय पटला नाही, तर तेवढ्या एका आकड्यावरून तो मूळ तबकडीपर्यंत परत जाऊ शकेल.